ओंडक्यातला पावसाळा

सखोबा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी डोंगरमाथ्यावरच्या आडवलीला होता. आता तिथे डांबरी रस्ता गेला आहे. तेव्हा चढून जायलाच सकाळ लागायची, आणि वर पोचलेल्या माणसाला पहिल्या घरी न मागता ताक मिळायचे. थंडीही त्या काळची थंडी होती. पहाटे आरवायला उघडलेली कोंबड्याची चोच ऊन वर आल्याशिवाय मिटत नसे, असे जुनी माणसे सांगत. त्यांना खोटे पाडणारा कोंबडा आता हयात नाही.

महाराज शंभूच्या देवळाच्या ओवरीत राहत. सामान म्हणाल तर एक घोंगडी. या देवळाच्या गाभाऱ्याचे दार इतके बुटके की पाच वर्षांच्या पोरालाही वाकावे लागे. गावात फक्त हैबतराव कदम वाकत नसत. त्यांचे तांबडे पागोटे वीतभर उंच होते. ते बाहेर उभे राहूनच देवाला हात जोडत, आणि देवाने ते समजून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असे.

महाशिवरात्रीला शंभूच्या पंचामृतात मध पडायचा तो सावळा ढेब्याच्या घरचा. हा मान त्याच्याकडे सात पिढ्यांचा. त्याच्या पडवीत पोखरलेले अकरा ओंडके आडवे टांगलेले असत आणि प्रत्येकात माशांचे एकेक मोहोळ नांदे. चैत्रात त्या पडवीखालून जाताना दिवसभर कोणी तंबोरा लावून बसले आहे असे वाटायचे. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्या कानात तो म्हातारपणीही होता.

पण लागोपाठ तीन हिवाळे सावळाच्या माशा मरत होत्या. महाराज आले त्या पौषात अकरातला एकच ओंडका गुणगुणत होता. तोही मेला, तर मान जाणार होता.

हैबतराव पारावर सर्वांदेखत म्हणाले, “सावळ्या, तू रोज देवळात टाळ कुटतोस आणि तिकडं माशा उपाशी मरतात. देवाला तुझ्या हातचं नको झालंय, एवढं तरी समजून घे. औंदा मध मी आणतो.”

“उपाशी न्हाईत मेल्या, हैबतराव,” सावळा खाली मान घालून म्हणाला. “मध आत तसाच हाय.”

“मग तुझं भजन ऐकून मेल्या असतील.”

लोक हसले. सावळा उठला तो थेट ओवरीत आला आणि महाराजांच्या पायाशी बसला. “महाराज, मान जाऊ द्या. पण माझ्या हातनं त्या का मरत्यात, एवढं सांगा. लेकरावानी जपतुया मी त्यास्नी.”

महाराज म्हणाले, “कसं जपतोस ते दाखव.”

पडवीत सावळाने सगळे दाखवले. तीन वर्षांपूर्वी थंडीत एक मोहोळ गारठून गेले होते. तेव्हापासून दिवाळी सरली की तो प्रत्येक ओंडका शेणामातीने लिंपून काढी. फट म्हणून ठेवत नसे. खाली माशांच्या येण्याजाण्यापुरते बोटाएवढे भोक, बाकी सगळे बंद. वर घोंगडीचे वेष्टण. पहिल्या वर्षी दोन मेली म्हणून दुसऱ्या वर्षी त्याने लिंपण दुप्पट केले. मग चार मेली.

महाराजांनी मेलेला एक ओंडका उघडला. झाकणाची फळी आतून ओलीचिंब होती. पोळ्यावर बुरशी, खाली भिजलेल्या माशांचा थर. त्यांनी मधाचे बोट चाखले. मध आंबला होता.

“आणि जिवंत आहे तो ओंडका कुठला?”

सावळाची बायको कोंडाबाई दारातून म्हणाली, “त्यो गोठ्यात पडलाय, महाराज. म्हशीनं लाथ घातली, वरनं फुटला. म्या म्हनलं, ह्याला लिंपू नगा, ह्यो कशानं जगतुया. त्योच जगला मेला.”

महाराज गोठ्यात गेले. फुटक्या ओंडक्याला कान लावून ते बराच वेळ बसले. म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवला, असे कोंडाबाई पुढे आयुष्यभर सांगे. मग ते ओवरीत परतले.

दुसऱ्या दिवशी काकडआरतीला लोक जमले, तेव्हा महाराज म्हणाले, “सावळा, माझी घोंगडी माझ्यावर घाल. डोक्यावरून, सगळीकडून खोचून. फट राहता कामा नये. आणि भजन धर.”

हैबतराव बाहेरून म्हणाले, “बुवांना थंडी फार झालेली दिसते.”

भजन संपेपर्यंत महाराज आत होते. सावळाने घोंगडी काढली, तेव्हा बाहेर दहिवराने गवत पांढरे झाले होते, आणि महाराजांच्या दाढीतून पाणी टिपकत होते. कपाळ ओले, छाती ओली. वाऱ्याची झुळूक आली तसे ते कुडकुडू लागले.

“बघ,” ते दात वाजवत म्हणाले, “हे पाणी माझ्याच श्वासाचं. इतका वेळ थंडी वाजली नाही, ती आता वाजते आहे. माशाही श्वास घेतात, बाबा. त्यांची ऊब वर जाते, गार फळीला लागते, आणि पाणी होऊन त्यांच्याच अंगावर पडते. बाहेर हिवाळा, आणि तू आत पावसाळा कोंडलास. म्हशीने लाथ घातली नसती, तर तेही मोहोळ गेलं असतं.”

सावळाने हातातली घोंगडी खाली ठेवली. “म्हंजे मीच...”

“मायेनंच झालं,” महाराज म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “ओंडके धुऊन वाळव. वरच्या अंगाला बोटभर भोक पाड. आणि तयार ठेव.”

“कुनासाठी, महाराज? माशा तर गेल्या.”

“तयार असू दे,” महाराज हसून म्हणाले.

महाशिवरात्र आली. गोठ्यातल्या मोहोळात मूठभर माशा आणि बोटभर मध एवढेच उरले होते. कोंडाबाई म्हणाली, “घ्या काढून तेवढा. मान तरी ऱ्हाईल.” सावळाने पोळ्याला हात लावला आणि मागे घेतला. “जांभळाला फूल यायला महिना हाय. ह्यो मध नेला तर ह्या जगत न्हाईत. मान जाऊ दे.” आणि तो रिकाम्या हाताने देवळात गेला.

तिकडून हैबतराव वाजतगाजत निघाले. हातात पितळी गडवा, त्यात बाजारचा मध. देवळाच्या दारात सावळाला बघून ते म्हणाले, “सर बाजूला. देवाला आज खरा मध मिळू दे.”

तेवढ्यात ढगाची सावली पडावी तसे ऊन मंद झाले. जंगलाच्या बाजूने गुणगुण आली, वाढली, आणि वाजंत्र्यांनी आपोआप वाजवणे थांबवले. हजारो माशांचा थवा देवळाभोवती एक फेरी घालून थेट हैबतरावांच्या पागोट्यावर बसला. कानांपर्यंत लोंबू लागला. हैबतराव पाऊलही हलवेनात. बोलायला तोंड उघडावे, तर मिशीवर दोन माशा आधीच चालत होत्या.

“सावळा,” महाराज शांतपणे म्हणाले, “ओंडका आण.”

सावळा धावत जाऊन एक ओंडका घेऊन आला, फळी काढली आणि तोंड वर करून तो पायरीवर धरला. महाराज हैबतरावांच्या कानाशी गेले. “राव, आता हळूच वाका. आणखी. अजून थोडे.”

जन्मात न वाकलेली मान वाकत वाकत ओंडक्याला टेकली. मग राणी उतरली आणि तिच्यामागे सगळ्या माशा, पालखीमागे लोक जावेत तशा, एकेक करून आत चालत गेल्या. हैबतरावांना एकही डसली नाही.

पागोटे काढून पाहतात तो काय, पदराच्या घडीत तळहाताएवढे पांढरेशुभ्र पोळे, आणि त्याच्या घराघरात मध काठोकाठ. सावळा घरी जाऊन येईपर्यंतच्या वेळात माशांनी ते केले होते. ज्याला पटत नसेल त्याने कोणाच्या तरी पागोट्यावर माशा बसवून वेळ मोजावा.

 हैबतरावांनी गडवा पायरीवर ठेवला आणि पोळे दोन्ही हातांनी उचलून सावळापुढे धरले.

“तुझ्या घरचा मध, सावळा. चल, तू पुढे हो.”

“अहो, पर पागोटं तुमचं...”

“पागोट्याचं काय घेऊन बसलास,” हैबतराव म्हणाले.  ते महाराजांकडे वळले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. बोडक्या डोक्याचे हैबतराव गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

महाराजांनी त्यांना उठवले. “माझे पाय कधीही आहेत, राव. अभिषेक खोळंबलाय.”

पुढे सावळा आणि त्याच्यामागे हैबतराव, असे दोघे त्या बुटक्या दारातून आत गेले. हैबतराव गरजेपेक्षा जरा जास्तच वाकले होते. बाहेर पायरीवर ओंडका गुणगुणत होता.