ओला साचा

पूर्वी चंपा नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सोमदत्त. काशाच्या मूर्ती ओतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असे सारे नगर म्हणे. आणि ते ऐकले की त्यांचा गुरुबंधू रोहक याच्या घशाखाली घास उतरत नसे. रोहकही कसबी होता. पण गुरूंनी पाठ थोपटली ती सोमदत्ताची. रोहकाची बायकोसुद्धा एकदा म्हणाली, "भावोजींच्या मूर्ती जिवंत वाटतात." त्या दिवसापासून तो तिच्याशी धड बोलला नाही.

राजाने नगरद्वारासाठी क्रोध जिंकलेल्या पुरुषाची मूर्ती करायला सांगितली, तीही सोमदत्तालाच. ओतण्याच्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना रोहकाने वाळवून भाजलेल्या मातीच्या साच्यात तांब्याभर पाणी ओतले. 'मूर्ती बिघडेल, एवढंच,' असे त्याने मनाला बजावले. ओल्या साच्यात काशाचा तापलेला रस पडला की काय होते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

रस पडताच साचा फुटला. उसळलेल्या रसाने बोधिसत्त्वांचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला.

"हे कोणी केले?" राजाने येऊन विचारले.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, ओतण्याआधी साचा तपासणे माझे काम होते. ते मी केले नाही. आता ही मूर्ती रोहकाला द्यावी. त्याच्याइतका स्थिर हात दुसरा नाही."

रोहकाला हवे ते मिळाले. पण लोक येत ते सोमदत्ताच्या थोर मनाचेच बोलत. 'हात गेला तरी नाव याचंच!' असे म्हणत रोहक जळे. साच्यासाठी मूर्तीचा चेहरा तो आधी मेणात घडवी आणि मोडी. प्रत्येक चेहरा रागीटच होई. शेवटी तो तणतणत सोमदत्ताच्या घरी गेला.

"तुला माहीत होतं ना?"

"फुटलेले तुकडे आतून ओले होते. पाणी कुठे ओतायचं, हे ओताऱ्यालाच कळतं."

"मग राजाला का नाही सांगितलंस?"

"त्याने तुझे दोन्ही हात तोडले असते, रोहक. गुरूंची विद्या मग कोणी चालवायची?" एवढे बोलून बोधिसत्त्वांनी विचारले, "चेहरा कुठे अडलाय?"

दुसऱ्या दिवशी रोहकाने भर दरबारात गुन्हा कबूल केला. राजा खवळला. बोधिसत्त्व पुढे होऊन म्हणाले, "महाराज, हात माझा जळाला आणि माझ्या मनात राग नाही. मग शिक्षा कोणासाठी?" राजाने रोहकाला सोडले. बोधिसत्त्वांना समोर बसवून रोहकाने तो चेहरा पुरा केला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, पिंगल नावाच्या भिक्षूकडे पाहिले. सोबत्याची स्तुती सहन न होऊन त्याने त्या दिवशी अन्नही घेतले नव्हते. "पिंगल, तेव्हाचा रोहक तू होतास. राजा अरिंदम म्हणजे हे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर भद्दसेन. आणि ज्याचा हात जळाला, तो मी."

पिंगल मान खाली घालून रडू लागला. शास्ते म्हणाले, "सूड हाती असताना तो सोडून देणे, याला क्षांती म्हणतात."