महागाच्या साली

ऐका, भारी गोष्ट आहे. एका जंगलात एक खार राहायची. तिला तीन पिल्लं होती आणि तिघांचीही तोंडं दिवसभर चालूच. त्या जंगलात चक्क आठवडी बाजार भरायचा, आणि तिथं पैसे म्हणजे चिंचोके. ससा जंगलाबाहेरच्या शेतातला माल आणायचा, जिथं किडीवर औषध फवारतात. मोराकडं मात्र फवारणी न केलेला माल असायचा, आणि तो प्रत्येक फळाला एक हिरवं पान बांधून ठेवायचा. पान दिसलं की समजायचं, याला औषध लागलेलं नाही. भाव मात्र सशाच्या दुप्पट.

एकदा सशाकडची द्राक्षं खाऊन धाकट्या पिल्लाचं पोट असं दुखलं, असं दुखलं, की खारीनं ठरवूनच टाकलं, यापुढं घरात येईल ते पानवालंच येईल. पुढच्या बाजाराला ती चिंचोक्यांची पुरचुंडी घेऊन थेट मोरासमोर.

"मोरदादा, केळी द्या. पानवाली."

"माझ्याकडं बिनपानाचं काही मिळतच नाही, खारूताई," मोर पिसारा सावरत म्हणाला. "ही पपई बघा. या शेंगा बघा. आणि हा नारळ तर घ्याच."

"नारळाला पण पान?"

"लेकरांच्या पोटाचा प्रश्न आहे, ताई. आता नारळात काटकसर करणार का तुम्ही?"

झालं. असं कुणी म्हटल्यावर कुठली आई मागं हटते? केळी घेतली, पपई घेतली, शेंगा घेतल्या, नारळ तर वाटेत लोळवत आणावा लागला. आणि द्राक्षांपाशी आल्यावर बघते तर पुरचुंडी जवळजवळ रिकामी. पिल्लांना द्राक्षं म्हणजे जीव की प्राण. मग उरलेल्या चिंचोक्यांत तिनं सशाकडचीच द्राक्षं घेतली. म्हटलं, एवढं सगळं पानवालं घेतलंय, एका घोसानं काय होतंय.

घरी नुसती मजा. पिल्लांनी केळी सोलली, साली खाली टाकल्या. शेंगा फोडल्या, टरफलं खाली. पपईची सालही खालीच. रोज एक रानडुक्कर झाडाखाली यायचं आणि ते सगळं मिटक्या मारत फस्त करायचं. शेवटी पिल्लांनी द्राक्षं काढली आणि गट्टम करून टाकली.

संध्याकाळी धाकटं पिल्लू आईला चिकटलं. "आई, परत दुखतंय."

खारीला रडूच यायला लागलं. चिंचोके संपले, पुढचा बाजार लांब, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच लेकरू पोट धरून बसलेलं. "एक घोस सोडला तर सगळं पानवालं आणलं की रे मी," ती म्हणाली. "मग चुकलं कुठं?"

तेवढ्यात खालून ढेकर आली.

"खारूताई," रानडुक्कर म्हणालं, "तुमच्या घरच्या कचऱ्याला तोड नाही. औषधाचा वास नाही, काही नाही. तुमच्या केळ्यांच्या साली खाऊन मी बघा कसा टुणटुणीत झालोय. ती करवंटी तेवढी जमली नाही, दाढ दुखतेय."

खारीनं खाली पाहिलं. मग पिल्लाकडं पाहिलं. मग परत खाली. आणि तिचे डोळे एकदम चमकले.

पुढच्या बाजाराला मोरानं लांबूनच हाक मारली, "या ताई, नारळ काढून ठेवलाय तुमच्यासाठी."

"नारळ राहू द्या, दादा. करवंटी कुणी खात नाही आमच्याकडं."

"केळी?"

"सशाकडची घेतली. ओढ्यावर धुते आणि सोलून देते. शेंगाही त्याच्याकडच्याच. तुमच्याकडची द्राक्षं द्या. आणि हे पेरू, सगळे. पेरूचं आमच्याकडं देठसुद्धा उरत नाही."

मोराचा पिसारा जरा मिटला, पण द्राक्षं आणि पेरू त्यानं मुकाट्यानं मोजून दिले. आणि खारीच्या पुरचुंडीत चक्क चिंचोके उरले. त्या रात्री तिन्ही पिल्लं पोटभर द्राक्षं खाऊन एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली. धाकटं तर घोरत होतं.

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर नेहमीसारखं आलं, साल हुंगली आणि नाक मुरडलं. "ताई, आज सालींना कसलातरी वास येतोय."

"खाऊ नका त्या, काका. सशाकडच्या केळ्यांच्या आहेत, औषध असेल त्यांवर."

"मग मी काय खायचं?"

"मोराकडं जा आणि केळी घ्या. तुम्ही सालीसकट खाता, तुम्हाला पानवालीच हवीत."

"पण ती फार महाग आहेत हो," रानडुक्कर कुरकुरलं.

"माहितीय मला," खार म्हणाली. "आतापर्यंत तुमची मीच विकत घेत होते."

तात्पर्य एवढंच : सगळंच महागाचं घेणं परवडत नसेल, तर आपल्या घरात सालीसकट काय खाल्लं जातं ते आधी बघा आणि जास्तीचे चिंचोके तिथं खर्च करा; नाहीतर चांगलं ते कचऱ्यात जातं आणि नको ते पोटात.