सात नंबरची घंटा

मोहबोडीला नगर परिषदेच्या सात शाळा आहेत. सातही शाळांची घंटा घड्याळावर होत नाही. आधी एक नंबरची शाळा दहा टोले देते. ते ऐकून दोन नंबर देते, मग तीन, असं करत आवाज तळ्याच्या काठाकाठाने फिरत जातो आणि शेवटी पलीकडच्या काठावरून, ढिवरटोलीतून, सात नंबर उत्तर देते. ते उत्तर येईपर्यंत या गावात एकाही वर्गात पाटी निघत नाही. पोरं मान वळवून पाण्याकडे बघत बसतात, मास्तर खडू हातात धरून उभे राहतात.

तुम्ही जिल्ह्यावरून शाळांची माहिती लिहायला आलात. तुमच्या कागदात खोल्या किती, पोरं किती, संडास किती, एवढंच आहे. घंटेचा रकाना नाही. नसला तर करा. मी तीन नंबरला तीस वर्षं शिपाई होतो, शिकलो चौथीपर्यंत, पण ही गोष्ट मला जशी सांगितली तशीच सांगतो. मीठमसाला लावायची मला सवय नाही.

नगरपालिका नवी होती तेव्हाची गोष्ट आहे म्हणे. शाळा सहाच होत्या आणि साऱ्या या काठाला. पलीकडे ढिवरांची टोली. मासे धरायचे, तळ्यात शिंगाड्याचे वेल लावायचे, हा त्यांचा धंदा. मधे हे एवढं पाणी, आणि वळसा घालून यायचं तर दलदल. टोलीतलं एकही पोर शाळेत नव्हतं.

त्या टोलीत भागरता नावाची बाई होती. नवरा मेलेला, एक मुलगी, पार्बता. भागरता दर सोमवारी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन या काठाला यायची आणि टोपली रिकामी झाली की कचेरीच्या पायरीवर बसून शाळा मागायची. शाळा समितीचे सभापती केशोराव मालगुजार होते. ते एकदा हसून म्हणाले, "अवं बाई, तुमची पोट्टी मासेच धरणार ना? मग अक्षरं कायले पाहिजे?"

भागरता म्हणाली, "मासे तर तुमी बी खाता जी. मग तुमी कायले शिकले?"

कचेरीतले कारकून तोंडावर उपरणं धरून हसले. केशोरावांना ते लागलं. त्यांनी तिथल्या तिथे अट घातली. टोलीतली तीस पोरं महिनाभर रोज एक नंबरच्या ओट्यावर हजर पाहिजेत, आणि तीही सकाळची घंटा बंद व्हायच्या आत. एक दिवस, एक पोर चुकलं, की पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही.

असे सांगतात की त्या संध्याकाळी भागरता कंबरभर पाण्यात उतरली. या तळ्यात सातबहिणी, पाण्याच्या देवी, राहतात, असं ढिवर मानतात. त्यांना ती म्हणाली, "माझी लेकरं तीस दिवस पार करा. मग मला ठेवून घ्या." पाणी हललं नाही. फक्त वारा नसताना शिंगाड्याची पानं उलटी झाली आणि पुन्हा सुलटी झाली. कोणी पाहिलं, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवसापासून ती बांबूने डोंगा वल्हवू लागली. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली नाव. एका खेपेला दहा पोरं बसायची. रोज तीन खेपा. स्वतःची पार्बता कायम तिसऱ्या खेपेला, कारण दुसऱ्यांची लेकरं आधी. एक नंबरचे हरबाजी गुरुजी ओट्यावर उभे राहून मोजायचे. एकोणतीस दिवस तीसच्या तीस भरली.

तिसाव्या दिवशी धुकं पडलं. मार्गशीर्षाचे दिवस. असं धुकं की तळं नाही, काठ नाही, झाडं नाहीत. साऱ्या गावाला कोणी दुधात बुडवून ठेवलंय असं वाटावं. दोन खेपा कशातरी पोचल्या. तिसरी येईना. केशोराव त्या दिवशी स्वतः ओट्यावर येऊन बसले होते. वेळ झाली तसे म्हणाले, "गुरुजी, घंटा."

हरबाजी गुरुजींनी पितळी तबकडीवर हातोडी मारायला सुरुवात केली. दहा झाले. अकरावा टोला पडला, बारावा पडला.

"गुरुजी, दहा झाले. थांबवा."

"पोरं पाण्यावर आहेत."

"मी थांबवा म्हणतो!"

"मग या अन् हातोडी हिसकून घ्या," गुरुजी म्हणाले. केशोराव उठले नाहीत.

टोले थांबेनात तसं दोन नंबरच्या शिपायाला वाटलं, काहीतरी झालं. त्यानेही घंटा सुरू केली. मग तीन नंबर, चार, पाच, सहा. त्या पांढऱ्या धुक्यात साऱ्या काठावरून पितळ बोलू लागलं. बाया चुली सोडून दारात आल्या. कोणी ओरडत नव्हतं. सारे ऐकत होते.

आत पाण्यावर काय झालं ते पोरांनी मागाहून सांगितलं. डोंगा शिंगाड्याच्या वेलात गुंतला होता. वाट कुठे, कळेना. भागरता पाण्यात उतरली, वेल तोडले आणि मागून रेटा दिला. म्हणाली, "पार्बते, बांबू धर. घंटा वाजते तिकडं तोंड कर. मागं पाहजो नको."

मग धुक्यातून आधी बांबू दिसला, मग डोंगा, मग दहा पोरं. पोरं ओट्यावर चढली तेव्हा गुरुजींच्या तळहाताचं कातडं गेलं होतं आणि हातोडी अजून चालूच होती. केशोरावांनी एक एक डोकं मोजलं. तीस. घंटा बंद झाली नव्हती.

भागरता आली नाही.

गुरुजींनी हात थांबवला. एकामागून एक साऱ्या शाळा गप्प झाल्या. आणि त्या शांततेत, जिथे शाळाही नव्हती आणि पितळही नव्हतं, त्या पलीकडच्या काठावरून घंटा ऐकू आली. दहा टोले, सावकाश, मोजून. केशोरावांनी डोक्यावरची टोपी काढली म्हणतात. आठ दिवसांत टोलीच्या काठावर सात नंबरची शाळा उभी राहिली. पाया खणताना घंटा सापडली वगैरे लोक सांगतात. काही सापडलं नाही. नुसता चिखल होता.

आजही सात नंबरची घंटा शिपाई वाजवत नाही. पोराला सोडायला आलेली जी आई मोकळी असेल ती वाजवते. गेल्या हिवाळ्यात असंच धुकं होतं. एक नवे साहेब तपासणीला आले होते. बाईचे टोले पन्नासावर गेले तसे ते चिडले. म्हणाले, "बाई, सगळी मुलं वर्गात बसली की! आता कोणासाठी वाजवता?"

तिने हात न थांबवता पाण्याकडे पाहिलं. म्हणाली, "कोणी पाण्यावर असंल जी."