दाविदराव पंचांचा हात

प्रवरेच्या काठी चिंचखडी नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती देवळामागे, कडुनिंबाच्या सावलीत, दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. त्या घरात हन्नाआक्का राहत. आक्कांचा डावा कान बहिरा होता. तरुणपणी नवऱ्याने पाट फेकून मारला, तेव्हापासूनचा. त्याच दिवशी आक्का बायबल आणि भाकरीचा तवा काखोटीला मारून घराबाहेर पडल्या, आणि पुढे प्रभूने त्यांना जी सेवा दिली ती त्या तव्यावरच घडली.

मार खाऊन आलेली बाई दारात उभी राहिली की आक्का तिला काही विचारत नसत. आधी भाकरी, मग झोप, आणि हकिगत तिला सांगावीशी वाटेल तेव्हा. बहिऱ्या कानाबद्दल कुणी हळहळलं तर म्हणत, "हळहळायचं काय त्यात? देवळातल्या पंचांचा उपदेश मी याच कानाने ऐकते."

आक्कांची प्रार्थनाही जगावेगळी. लोक देवापुढे हात जोडत. आक्का देवाशी भांडत. दळताना भांडत, भाकरी थापताना भांडत.

"दळण दळिते मी, हात आला गं भरून,
देवा, किती मारू हाका, बघ ना रे तू वळून!"

अशा या आक्कांकडे एका शनिवारी सकाळी शीलवंता आली. ही तिची चौथी खेप. तिचा नवरा दाविदराव हा देवळाचा पंच. दर रविवारी त्याची साक्ष असे, 'प्रभूने माझ्या घराला शांती दिली,' आणि ती ऐकून म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. मागच्या तिन्ही वेळा पंचमंडळी आली, नवऱ्याच्या हातात तिचा हात दिला, प्रार्थना केली आणि तिला घरी धाडलं. तिसऱ्या खेपेची शांती अकरा दिवस टिकली होती.

आक्कांनी तिच्यापुढे ताटली ठेवली. तिचं सुजलेलं मनगट बघितलं आणि कौलांकडे तोंड केलं.

"बघितलंस? चौथी खेप! मी सांगून थकले, ही सोसून थकली. तू थकत नाहीस हे ठाऊक आहे मला, पण ऐकायला काय होतं रे तुला?"

शीलवंताने भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरला. "आक्का, मला क्षमा करायचाच कंटाळा आलाय. पाप आहे का हो हे?"

"पाप कसलं? देवालासुद्धा येत असेल अधूनमधून. खा."

तिने घास घेतला न घेतला तोच अंगणात काठी वाजली. इस्त्रीचा कोट घालून दाविदराव दारात उभा.

"चल," तो म्हणाला. "उद्या प्रभुभोजन आहे. जिल्ह्याचे पाळक येणार आहेत, आणि ख्रिस्ती कुटुंबावर माझी साक्ष आहे. बायको पुढच्या सतरंजीवर दिसली पाहिजे."

"बायको पाहिजे, का सतरंजी भरायला माणूस?" आक्कांनी विचारलं.

दाविदराव हसला. "ज्या बाईला स्वतःचा नवरा सांभाळता आला नाही, ती दुसऱ्यांचे संसार सांधायला बसलीय! आक्का, हे घर देवळाच्या जागेत आहे, विसरू नका. ही आत्ताच्या आत्ता आली नाही, तर उद्या मंडळीपुढे ठराव आणतो. तुमच्या सगळ्या साध्वी रस्त्यावर!" मग बायकोकडे वळून अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "प्रत्येकाने आपला वधस्तंभ उचलावा, असं प्रभूचं वचन आहे, शीलवंता."

"वधस्तंभ उचलायला सांगितलाय, दाविदराव. नवऱ्याची काठी नाही!" आक्का म्हणाल्या.

शीलवंताने हातातला तुकडा ताटलीत ठेवला. आतल्या खोलीत आणखी तिघी होत्या, एकीचं मूल अंगावर पीत होतं. आपण गेलो तर त्यांचं छप्पर राहील. ती उठली, पदर सावरला, उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. आणि तिथे तिला त्या कोटाचा वास आला. परवा तिनेच इस्त्री केलेला कोट. एक सुरकुती राहिली, म्हणून तर हे मनगट!

"मी नाही येणार," ती म्हणाली.

दाविदरावाची काठी वर गेली.

तशा आक्का तव्यावरचं उलथनं हातात घेऊनच मध्ये आल्या आणि आभाळाकडे बघून कडाडल्या, "अरे, मघापासून नुसता बघतोस काय? धर की त्याचा हात!"

आणि भाविकांनो, काय सांगावं ते नवल! काठी खाली पडली, हात वरच राहिला. दाविदरावाने हिसडा दिला, दुसऱ्या हाताने ओढून बघितला. हात हलेना! शीलवंता भिंतीला चिकटून बघत होती. कुणीतरी उंच माणसाने मागून मनगट धरावं, तसा तो हात उभा होता. आणि मागे तर कुणीच नव्हतं.

हात वर धरूनच दाविदराव घरी पळाला. हाडवैद्याने तेल चोळलं, मग दोन गडी त्या हाताला लोंबकळले. गडी थकले, हात तसाच. रविवारी कोटाची एक बाही रिकामी सोडून तो देवळात आला आणि खांबाआड बसला.

शीलवंता आक्कांबरोबर मागे दाराजवळ बसली. गीत झालं, वचन झालं. मग जिल्ह्याहून आलेले पाळक प्रेमाने म्हणाले, "ज्यांना साक्ष द्यायची असेल, त्यांनी हात वर करावा."

सगळ्या देवळाने खांबाकडे बघितलं. आता काय करणार? दाविदराव उभा राहिला.

"प्रभूने माझ्या घराला शांती..." हात आणखी ताठ झाला, टाचा उचलल्या. "म्हणजे, घर म्हटलं की भांड्याला भांडं..." तो वेदनेने कळवळला, पायाच्या बोटांवर आला.

मागून आक्कांचा आवाज आला. "पंच, खरं बोला आणि सुटा एकदाचे! पीठ मळून ठेवून आलेय मी."

दाविदरावाच्या कपाळावरून घाम ओघळला. "मी मारतो," तो पुटपुटला. हात चारच बोटं खाली आला. "तिला मारतो. अकरा वर्षं. मीठ कमी पडलं म्हणून, कोटाला सुरकुती राहिली म्हणून. आणि मारून इथे येऊन साक्ष देतो." हात खांद्यापर्यंत उतरला. पंचांच्या माना खाली गेल्या. तीनदा समेट घडवणारे तेच होते.

हलकं वाटताच दाविदराव शीलवंताकडे वळला. "झालं गेलं विसर. चल आता घरी." आणि हात सर्रकन पुन्हा वर!

"आता काय म्हणावं या माणसाला!" आक्कांनी कपाळावर हात मारला.

तेव्हा मात्र दाविदराव रडला. देवळात ऐकलेलं त्याचं ते पहिलं रडणं. "ये म्हणणार नाही," तो म्हणाला. "तुझं मन होईल तेव्हा ये. नाही झालं, तर येऊ नकोस. आणि आक्कांच्या घराला कुणी हात लावणार नाही."

हात अलगद खाली आला. शीलवंता जवळ गेली, ती त्याच्यासाठी नव्हे, ते मनगट बघण्यासाठी. त्यावर पाच बोटांचा लाल वळ होता, पंजाचा ठसाही स्पष्ट उमटला होता. आणि त्या ठशाच्या मधोमध, खिळा आरपार जावा एवढी एक गोल जागा कोरी होती.

दाविदरावानेही ती बघितली. त्याचे गुडघे आपोआप टेकले आणि कपाळ आक्कांपुढे जमिनीला लागलं.

"माझ्यापुढे नको रे बाबा," आक्का मागे सरकल्या. "ज्याने धरला त्याच्यापुढे वाक." मग वर बघून, डोळे पुसत, रागानेच म्हणाल्या, "चार खेपा! पहिल्याच खेपेला धरला असतास, तर तुझं काय बिघडलं असतं?"

पुढे दर शनिवारी दाविदराव बाजरीचं पोतं घेऊन त्या घरापाशी येई, उंबऱ्याबाहेर थांबे आणि विचारी, "आत येऊ का?"

शीलवंता जात्यावरून म्हणे, "नको."

पोतं ठेवून, मान लववून तो माघारी फिरे.

ज्या घरात कुणाचा हात उठत असेल, त्या घरात ही कथा मोठ्याने वाचावी. आणि वाचताना दार उघडं ठेवावं.