‘पुट ऑफ’च्या पुढे

“...मग माझ्यात कमी काय आहे, भंतेजी?”

शीलवंत रामटेके हैदराबादला नोकरी करता करता इंग्रजी शिकून परतला होता. उमरेडच्या विहारातला संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग आपल्याला मिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं. तो वर्ग म्हातारे भंते विनयशील स्वतः घेत.

“कमी आहे असं कुठं म्हटलं मी? शिकवून दाखव.”

शीलवंतनं खडू उचलला आणि फळा भरून टाकला. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणं. ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालू ठेवणं. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं.

“यांच्यापुढे एक तर नाम येतं, नाहीतर ‘इंग’ लावलेलं क्रियापद. गिव्ह अप स्मोकिंग. कॅरी ऑन रीडिंग. पुट ऑफ द मॅच. चूक काढून दाखवा!”

“एकही नाही. सिगारेट कधी सोडलीस?”

“मी? मी कधी ओढलीच नाही. पुस्तकात तेच उदाहरण असतं.”

“म्हणजे ओढली पुस्तकानं, सोडलीही पुस्तकानं.”

भंते हसले. शीलवंतलाही हसू आवरलं नाही.

मग भंते उठले. त्यांनी डस्टरनं प्रत्येक ओळीचा पुढचा भाग पुसला. ‘गिव्ह अप’, ‘कॅरी ऑन’, ‘पुट ऑफ’ तेवढे राहिले.

“आता तुझं भर.”

“माझं?”

“शिकवणार तू ना?”

पहिल्या ओळीत शीलवंतनं हैदराबादची नोकरी लिहिली. दुसरीत शिकणं. तिसरीपाशी खडू थांबला...

भंते कोरा चहा ओतत राहिले.

शेवटी त्यानं लिहिलं : ‘मीटिंग माय ब्रदर’.

“बाबा गेले तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो,” तो पाठमोराच म्हणाला. “दादानं एकट्यानं सगळं केलं. पवनी काय लांब आहे इथून?... पण कोणत्या तोंडानं जाऊ?”

भंतेंनी कप पुढे केला.

शीलवंत खाली बसला. चहा गरम होता. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

“पण वाक्य बरोबर आहे ना, भंतेजी?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं. “घेऊ का सोमवारपासून वर्ग?”

भंतेंनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं.

“पवनीची एसटी अजून सुटलेली नाही.”