लिंबोणीची राखण

मुलांनो, पाने खाणाऱ्या अळ्यांची कोणी राखण केल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का?

एका जंगलात, ओढ्याच्या काठी, एक खार राहत असे. तिचा शेजारी होता एक मुंगूस. त्याला टापटिपीची भारी हौस. ओढ्याकाठी त्याने रानफुलांची सुंदर बाग राखली होती. पण त्या वर्षी बागेत त्याला एकही फुलपाखरू दिसेना. मुंगसाने आणखी फुले लावली, पाचोळा झाडला, आणि कुरतडलेले पान दिसले की ते अळीसकट तोडून ओढ्यात टाकले. तरी बाग सुनीच. शेवटी त्याची नजर कोपऱ्यातल्या लिंबोणीवर गेली. तिची पाने कडेने कातरल्यासारखी झाली होती. "शी! हिला मुळासकट उपटायला हवं," तो म्हणाला.

खार धावत आली. "थांबा, मुंगूसदादा! तुमचं लक्ष नसताना एका फुलपाखरानं इथे अंडी घातलेली मी पाहिली आहेत. त्यांतूनच या अळ्या निघाल्या. तुम्ही ज्यांची वाट पाहताय ना, ती फुलपाखरं हीच!"

"ही?" झुडपाखालचा ससा हसून लोळला. "अगं खारुताई, मला तर ही पाखरांची शीट वाटते!"

"दिसू देत तशा. पौर्णिमेपर्यंत मी राखण करते. इथल्या एवढ्याच अळ्या उरल्या आहेत, दादा."

"तुला हे काम नेमून कुणी दिलं?" मुंगसाने विचारले.

"कुणी नाही. मीच घेतलं."

"बरं. पण पौर्णिमेला फुलपाखरू दिसलं नाही, तर झुडूप गेलं म्हणून समज."

त्या दिवसापासून खार फांदीवर ठाण मांडून बसली. साळुंकी अळ्या टिपायला आली, की ती "चिक् चिक्" करून सारा ओढा डोक्यावर घेई. खायला जायचीही तिला सवड मिळेना. तिची रोडावलेली शेपटी पाहून ससा ओशाळला. "जा, चार दाणे खाऊन ये. दुपारची पाळी माझी," तो म्हणाला. मग दुपारी तो पाय आपटून साळुंकीला हुसकावू लागला. अळ्या हिरव्यागार, गुबगुबीत झाल्या, तशी सशाची स्वारी ऐटीत सांगू लागली, "आमच्या अळ्या पाहिल्यात का?"

पौर्णिमेच्या संध्याकाळी मुंगूस आला. झुडपावर एकही अळी नव्हती आणि फुलपाखरूही नव्हते. "संपलं ना? व्हा बाजूला," तो म्हणाला. ससा रडवेला झाला. खार मात्र जागची हलली नाही.

"दादा, झुडूप उपटण्याआधी या काडीवरच्या त्या सुकल्या पानाला जरा नाक लावून बघा."

मुंगसाने नाक टेकवले. ते पान नव्हते, कोष होता, आणि तो चक्क वळवळला! मुंगूस दचकून मागे सरला. "जिवंत आहे हे?"

"असे नऊ आहेत," खार म्हणाली.

मुंगूस झुडपाखाली बसला आणि म्हणाला, "खारुताई, तू आता नीज. साळुंकी उजाडतानाच येते. पहाटेची पाळी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपैकी सात कोष उघडले, सात फुलपाखरे पंख वाळवून बागेत उतरली, आणि मुंगूस येणाऱ्याजाणाऱ्याला ताठ मानेने सांगत राहिला, "ही आमच्या खारुताईनं राखलेली!"

तात्पर्य : ज्याची शोभा आपल्याला हवी असते, त्याचे बालपण कुणी न सांगता आपणच जपावे.