झारीचा आग्रह

परसातली भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका परसात पत्र्याची झारी होती. जाईजुई तिची वाट बघायच्या. कुंडीतली जाडजूड कांडवेल मात्र म्हणायची, "पुरे गं मावशी, मागचंच अजून अंगात आहे."

काही जणींना दुसऱ्याच्या पानात वाढल्याशिवाय चैनच पडत नाही. "माझ्या हातचं नको? गप घे," म्हणत झारी रोज ओतायची. वेल पिवळी पडली, तर पोर उपाशी आहे असं समजून तिनं दुप्पट ओतलं. वेल बुडाशी सडली.

"तुझ्या पाण्यानंच मरतेय मी, मावशी," वेल म्हणाली आणि उरलेलं एक धड कांडं तिनं कुंपणाच्या कोरड्या दगडांत टाकलं.

झारी तोंड पाडून कोपऱ्यात बसली. पुढं भर उन्हाळ्यात दगडांतून त्या वेलीचा हिरवा कोंब डोकावला. झारी धावली, तोंड वाकवलं आणि तशीच थांबली.

"घेतेस का गं थोडं?"

"आज नको."

"बरं," म्हणून झारी मुकाट्यानं वळली.

"अगं, चाललीस कुठं? बस की जरा," कोंब म्हणाला. "पाणी नको म्हटलं. तू नको, असं कुठं म्हटलं?"